सच्याचा चारशे वॉटचा चोक

भोईवाड्यातल्या आमच्या सच्याला सल्ला देणं मी बंद केलंय. का, ते ऐका.

चाळीच्या गॅलरीत त्याची फिशटँक. आतली झाडं पिवळी पडली, म्हणून पठ्ठ्याने मेटल हॅलाइड बल्ब आणला, दीडशे वॉटचा. चोक मात्र मंडळाच्या जुन्या फोकसमधून काढला, चारशेचा.

मी म्हटलं, "अरे, जेवढ्याचा बल्ब तेवढ्याचाच चोक लागतो. मॅच कर, नाहीतर बल्ब फुटेल."

"मोठा चोक म्हणजे पॉवर जास्त ना रे!"

लावला. फुटला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "भाई, तुझं ऐकलं. मॅच केलं."

बघायला गेलो, तर चोक तोच. साहेबांनी बल्ब चारशेचा आणलेला!

"सच्या, टाकी दोन फुटांची आहे रे!"

"तूच म्हणालास, मॅच कर."

अख्खी गॅलरी उजळलेली, मासे घाबरून दगडामागे. शेजारच्या मालवणी काकूंनी तर टाकीसमोर दोरी बांधून बोंबील वाळत घातलेले.

मी ओरडलो, "बंद कर आधी तो! मासे शिजतील!"

काकू आतून म्हणाल्या, "बंद करू नको हां रे सच्या. बोंबील अजून ओले आसत."