सरकलेली कौलं

—नाही नाही, टेप आत ठेवा आधी. घर मोजायचं नंतर बघू, आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर शाळेचे गणवेश इस्त्री करून ठेवलेत—इकडे मशीनजवळ बसा, सुया नाहीयेत तिथे, असल्या तर एखाददुसरीच. हां, आता मघाशी काय म्हणालात ते परत सांगा. एकदा रंगीत पत्रे घातले की तीस वर्षं थेंब गळणार नाही, आणि तीस वर्षं कुणाला छपरावर चढायला लागणार नाही—असंच म्हणालात ना? बघा, तुम्ही किती आनंदानं सांगताय, आणि मला मात्र ते ऐकवत नाहीये. तीस वर्षं कुणीच नाही? अहो, मी अठ्ठावन्नची आहे. हसू नका. म्हणजे हसा, खुशाल हसा, मीही सकाळपासून हसतेच आहे, एकटीच, कप विसळताना हसले, काजं करताना हसले, तीन शर्टांना काजं उलट्या बाजूला पाडली आणि ती उसवतानाही हसले. आज माझं काही खरं नाही.

तुम्हाला लेकीनं पाठवलंय, माहितीये मला. तिचा काही दोष नाही. तिला बिचारीला फोनवर दर वेळी एकच ऐकायला मिळतं, घर गळतंय, बादली लावलीये, कौलवाल्यांना बोलावलंय. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, आणि एरवीही—ती एकदा वैतागून म्हणाली, आई, भर उन्हाळ्यात काय गळतंय, तर मी म्हटलं, ऊन गळतंय. खरंच गळत होतं, इथे या मशीनवर एक चौकोन पडायचा उन्हाचा, डोळ्यांवर यायचा. तर ती कंटाळली, जावयांशी बोलली, दोघांनी ठरवलं की आईच्या डोक्याचा हा ताप एकदाचा काढून टाकू. सोमवारी माणसं येऊन कौलं उतरवणार, असं मला नुसतं कळवलं. आणि लेक माझी कामाला वाघ, तिनं कौलवाल्यांनाही परस्पर सांगून टाकलं, आज तेवढं शेवटचं येऊन जा, सोमवारपर्यंत आई भिजायला नको, मग तुम्हाला काही त्रास नाही. त्रास नाही म्हणे. अकराला येणार आहेत ते. किती वाजले तुमच्या घड्याळात? साडेदहा? माझ्यातही साडेदहाच, मघाशीही साडेदहाच होते, आज काटा जागचा हलत नाहीये.

पण मला सांगा, कौलांचं वाईट काय आहे? वर बघा, बघा तरी. भट्टीतून निघालेली माती आहे ती, पण दुपारी बाहेर ऊन रणरणत असलं तरी इथे बसून मी दोन-दोन पँटी शिवून उठते, घाम म्हणून नाही. का? तर कौलाकौलांच्या सांध्यातून वारा खेळतो. तुमच्या पत्र्याखाली मी वाळून कडकडीत होईन. आणि पाऊस आला की कौलावर कसा बोलतो, माणसासारखा बोलतो, पत्र्यावर नुसता ताशा. आणि मुख्य म्हणजे, एक कौल फुटलं तर एक बदलायचं. शर्टाचं एक बटण तुटलं तर बटण लावतो ना आपण, शर्ट फेकून देत नाही. फक्त ते बदलायला कुणीतरी यावं लागतं. हां, तेच तर म्हणते मी. कुणीतरी यावं लागतं.

नऊ वर्षांपूर्वी कौलवाले पहिल्यांदा आले. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, लेक सासरी गेली होती, आणि मागच्या पडवीत खरोखरीच गळायला लागलं—खरोखरीच म्हणजे, तेव्हा खरंच. कुणीतरी यांचं नाव सुचवलं. आले, शिडी लावली, अर्ध्या तासात एक फुटकं कौल काढून दुसरं बसवलं, बाकीची सगळी बोटानं वाजवून बघितली. तुम्हाला माहितीये ना, चांगलं कौल वाजवलं की कसं खणखणीत बोलतं, आणि तडा गेलेलं घसा बसल्यासारखं. सगळं छप्पर वाजवून खाली उतरले, पाणी प्यायले, म्हणाले, बाई, छप्पर नंबर एक आहे, आता दहा वर्षं बघायला नको. मी थँक्यू म्हटलं. शिडी खांद्यावर टाकून गेले, आणि मी दारात उभी, हातात रिकामा तांब्या. दहा वर्षं. कुणी चांगली बातमी सांगावी आणि आपल्याला रडू यावं, असं झालंय कधी तुमचं?

नाही, तसं काही बोलणं होत नाही आमचं. ते वर, मी खाली, बोलणार काय? जरा वाकून बोलतात, कौलांच्या फटीतून. आज कुणाचा शर्ट, असं विचारतात. मी सांगते, अमक्याचा, पोट सुटलंय, माप चुकतंय दर वेळी. ते हसतात, वरून थोडी माती पडते. हे आले की मी मशीन थांबवते—म्हणजे कौलवाले आले की. जीभ घसरली, लक्ष देऊ नका. चेहरा मी फारसा बघितलेला नाही, खरं सांगते, शिडीवर माणूस पाठमोराच असतो. पाठ मात्र अशी पाठ आहे मला की—परवा एक शर्ट शिवला, माप न घेता. पाठीला खांद्यापासून खांद्यापर्यंत साडेअठरा, यात काडीचा फरक निघणार नाही. छाती अंदाजानं. आकाशी रंगाचा, बारीक रेघ. कपाटात आहे. दाखवू? नको, राहू द्या, तुमचं काय काम त्याच्याशी. कुणाचा आहे विचारलंत तर मी सांगेन गिऱ्हाइकाचा.

बरं. आता एवढं बोलले आहे तर तुमच्यापासून लपवून काय उपयोग. तुम्ही काही लेकीला सांगणार नाही. सांगाल? नाही सांगणार, चेहरा भला आहे तुमचा. ती कौलं आपोआप सरकत नाहीत. ती मी सरकवते. ती कोपऱ्यात काठी दिसते ना, जळमटं काढायची—तिनं. स्टुलावर उभं राहायचं, एक कौल हेरायचं, ढकलायचं, खाली बादली ठेवायची, आणि फोन. पहिल्यांदा केलं तेव्हा काठीच अंगावर पडली. आठ महिने झाले होते त्यांना येऊन, आठ महिने मी वाट बघत होते की वादळ तरी येईल, एखादा नारळ तरी पडेल—नारळाचं झाड नाहीये इथे कुठे, तरी वाट बघत होते. शेवटी म्हटलं, आपणच वादळ व्हावं. ते आले, वर चढले, ते कौल दोनदा मागेपुढे सारून बघितलं. मग म्हणाले, मांजर आलं होतं वाटतं. मी म्हटलं, हो ना, फार मस्ती करतं. तेव्हापासून आमचं ते मांजर. दर वेळी विचारतात, मांजर बरं आहे का? मी म्हणते, बरं आहे, वय झालंय जरा. इथे आसपास कुणाकडे मांजर नाही.

मागच्या वर्षी पडलेसुद्धा. स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता, कौल ढकलताना तो गेला, माझा पाय मुरगळला, आठवडाभर लंगडत होते. तेव्हा ते आले, मी त्यांना बसायला तेच स्टूल अंगणात नेऊन दिलं, तर त्यांनी ते उलटं केलं, बघितलं, खिशातून खिळे काढले आणि चारही पाय ठोकून पक्के केले. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, आता यावर कुणी उभं राहिलं तरी चालेल. मी म्हटलं, स्टुलावर कोण उभं राहतंय, आणि ते मान खाली घालून हातोडी पुसत राहिले. असा सरळ माणूस आहे हो. जीव लावून काम करतो, मनात काही नाही. आणि अशा माणसाला मी नऊ वर्षं फसवतेय, याचं कधीकधी फार वाईट वाटतं. म्हणजे मशीन चालू असलं की नाही वाटत, दिवा मालवला की वाटतं.

तर आज शेवटचं. म्हणून आज ठरवलंय, सांगायचंच. काही मोठं नाही, एकच वाक्य आहे. गळत नसलं तरी येत जा. बस, एवढंच. आरशासमोर चौदा वेळा म्हणून बघितलं, चौदाही वेळा जा म्हणताना अडखळले. आणि तेवढं बोलायला धीर यायला वेळ लागेल म्हणून आज जरा जास्त सरकवलीत, म्हणजे काम लवकर संपायला नको. किती? दोन. बरं, चार. अहो सहा, सहा सरकवलीत, पहाटे उठून, आणि मागे पडवीत नाही, इथे पुढच्या खोलीतच, रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मला मशीनवर बसून बोलता येईल. ती काय, मोजा वर. आभाळ दिसतंय बघा सहा ठिकाणी. छान दिसतंय ना?

काय म्हणालात? कुठल्या बाजूला सरकलीत, खाली की वर? हा काय प्रश्न झाला? वर. खालून काठीनं ढकलल्यावर दुसरीकडे कुठे जाणार? कौलाला मागे दोन दात असतात, ते त्या लाकडी पट्टीत अडकलेले, खाली ओढायचं तर दात मोडावे लागतील. म्हणून काठीनं जरासं उचलायचं आणि वरच्या कौलाच्या पोटात सारायचं, की झाली फट. सोपं आहे. तुम्ही असं का बघताय माझ्याकडे? मांजर—मांजरानं उडी मारली तर कौल घसरतं, म्हणजे ते खाली. वारा आला तर—तेही खालीच. दात तुटला तरी खालीच येणार, उतारावरच आहे ते. बरोबर आहे तुमचं. आपणहून वर कसं जाईल कौल. वर कधीच कुठलं कौल—

थांबा हं. जरा थांबा.

चाळीस वर्षं छपरांवर काढलीत त्यांनी. तुम्हाला दहा मिनिटांत कळलं, त्यांना नऊ वर्षं कळलं नसेल? मांजराच्या त्या पहिल्या दिवशी वर चढून कौल मागेपुढे सारून बघत होते ते. काय बघत होते? मांजर बरं आहे का. अगं बाई. आणि स्टूल—यावर कुणी उभं राहिलं तरी चालेल—अगं बाई, म्हणजे मी पडले हेही त्यांना कळलं होतं, आणि मी पडू नये म्हणून—म्हणजे मी परत ढकलावं म्हणून—देवा रे. नऊ वर्षं मी समजतेय की मी त्यांना बोलावते, आणि ते नऊ वर्षं सगळं कळून येतायत. शिडी घेऊन. एवढ्या लांबून. मला पाणी द्या हो जरा, तो तांब्या, तिथेच आहे—नको, हसू येतंय, पाणी नाकात जाईल.

आणि मी आज सहा सरकवलीत. सहा. रस्त्याच्या बाजूला. सगळी वर. अहो, ही काय फट आहे, हे तर छपरावर लिहून ठेवल्यासारखं झालं, कोपऱ्यावरूनच वाचता येईल. काठी द्या, काठी द्या इकडे, निदान तीन तरी खाली—ओढता कुठे येतात काठीनं, ढकलताच येतात. तुम्ही चढा ना स्टुलावर, पक्कं आहे ते, तुम्ही उंच आहात—अकरा वाजले? एवढ्यात कसे वाजले, आता तर काटा हलत नव्हता.

फाटक वाजलं.

हलू नका. पडदा तेवढा सरकवा, दोन बोटं. तेच आहेत. उभे राहिलेत फाटकातच, वर बघतायत. बोटानं मोजतायत हो. एक, दोन... सहा. झालं. आता वळतील आणि जातील, काय म्हणतील मनात, या वयात ही बाई—नाही, वळले नाहीत. हसतायत. मी समोरून हसताना पहिल्यांदा बघतेय त्यांना, पुढचा एक दात नाहीये, मला माहीतच नव्हतं. शिडी कुंपणाला टेकवली. भिंतीला लावायची असते ना, मग कुंपणाला का ठेवून दिली? कपडे झटकतायत. नऊ वर्षांत या माणसानं उंबरा ओलांडलेला नाही, चहा दिला तर अंगणात उभ्यानं प्यायलाय, आणि आता—पायरीवर आले. चपला काढतायत हो. आमच्या दारात चपला काढतायत.

तुम्ही मागच्या दारानं निघा. टेप घ्या, ते रंगांचं पुस्तकही घ्या. लेकीनं विचारलं तर सांगा, मापं झाली नाहीत, आणि सोमवारी कुणी यायचं नाही. कारण विचारलं तर सांगा, आई म्हणाली, घर कधी गळतच नव्हतं. जा, जा लवकर, पडवीतून उजवीकडे.

या. दार नुसतं लोटलंय.