नुसते ओठ हलव

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी शाळेतल्या गाण्याच्या बाई गाल धरून बसल्या होत्या. सोबत नणंद होती.

“वहिनी, तुमच्या शाळेतल्या त्या नव्या बाईंचं समूहगान म्हणे फार रंगलं?”

“रंगलं कसलं, वन्सं! आवाज फुटलेली सातवीतली मुलंसुद्धा गायला घेतली तिने.”

“तुम्ही नव्हता घेत?”

“घ्यायचे की! मागे उभं करून सांगायचे, नुसते ओठ हलवा. कधी कुणाला कळलं नाही.”

“टाळ्या मात्र खूप पडल्या म्हणे.”

“माझ्या नव्हत्या त्यात.”

“अहो, पण आपला बंड्या होता ना पहिल्या रांगेत?”

“माझ्याकडे मागे असायचा. इतका गुणी, कधी तोंडातून आवाज नाही. आता आंघोळ करतानाही गात असतो.”

“बेसूर?”

“तसं असतं तर काय हवं होतं! सुरात गातं कार्टं.”