स्मृतिमंडपावरची सही

नाही, ऋता, सही नाही करणार मी. तो फॉर्म आधी उचल तिथून, चहा सांडेल त्यावर — आणि पेढेही ने परत. शुगरबिगर काही नाही मला, नकोत एवढंच. काम व्हायच्या आधी पेढे कोण आणतं? श्रीनाथने दिलेत ना, आपल्या अध्यक्षांनी? वाटलंच. 'काकांचं तोंड गोड कर आणि सही घेऊन ये, शुक्रवारी आर्वोला, दुपारनंतर, घरीच असतात' — असंच म्हणाला ना? हसतेस म्हणजे असंच म्हणाला. बस जरा. एसी वाढवू का? डिसेंबरातला हा उकाडा, पाऊस पडता पडत नाही — चार वर्षं झाली ना तुम्हाला डार्विनला येऊन? मग अजून अंगवळणी नाही पडायचा. मला एकवीस झाली, मला कुठे पडलाय.

मंडप छान दिसतो, कोण नाही म्हणतंय. सकाळीच जाऊन आलो. बारा खांब, वर पत्रा, खाली बाकं, मधोमध ती पाटी — 'पन्नास वर्षं : वादळातून उभं राहिलेलं शहर' — आणि सगळ्या तुळयांना प्लायवूड ठोकून त्यावर पोरांनी काढलेली वारली. घरं उडतायत, विमानं चाललीयत, माणसांची रांग लागलीय. गोड आहे. पण मी वारली बघायला गेलो नव्हतो. माझं काम काय आहे, माहितीये तुला? सगळ्या मंडळाला वाटतं काका शिक्का मारतात. अगं, इथे छप्पर चढवलं की छपरापासून थेट पायापर्यंत लोखंडी रॉड जातो — वर नट, खाली काँक्रीटमध्ये गाडलेला. वारा छपराला दाबत नाही, उचलतो, डोक्यावरची टोपी उडवावी तसा, आणि तेव्हा तो रॉड छप्पर धरून ठेवतो. एवढंच शास्त्र. चौऱ्याहत्तर साली ते धड नव्हतं म्हणून ट्रेसी वादळात, नाताळच्या पहाटे, अख्खं गाव उडालं — साठाच्या वर माणसं गेली, उरलेल्यांना विमानात कोंबून बाहेर काढावं लागलं. मग पुन्हा जे शहर उभं राहिलं ते या रॉडवर. भाषणांवर नाही, पाट्यांवर नाही. आणि रॉड असतो तुळईच्या आत, दिसत नाही, म्हणून नियम असा की झाकायच्या आधी मला बोलवायचं. मी शिडी लावतो, एकेक नट हाताने हलवून बघतो, मग झाका, रंगवा, काय करायचं ते करा. तुम्ही काय केलंत? आधी झाकलंत, वर पोरांकडून रंगवून घेतलंत, आणि आता पेढे घेऊन आलात. वरातीमागून घोडं.

चार फळ्या काढा म्हणालो मी. फक्त चार, कोपऱ्यातल्या. तर श्रीनाथ म्हणतो — 'काका, मुलांची मनं मोडतील.' मुलांची मनं! रविवारी संध्याकाळी वीज-वारा सांगितलाय, बघितलंस? पाऊस आला की दीडशे माणसं कुठे पळतील? त्याच मंडपाखाली. आणि तुझी पोरं सगळ्यात पुढे, त्यांच्या वारलीखाली. — फोटो? आहेत माझ्याकडे, पाठवलेत त्याने. रॉडचे फोटो. चकचकीत नट, नवा कोरा रॉड. पण कुठल्या मंडपाचे, ते नाही ना फोटोत. लोखंडावर नाव नसतं, ऋता.

पत्रिका वाचली मी तुमची. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. सहा चाळीसला दोन मिनिटं मौन — आणि सहा बेचाळीसला 'तुफान' थीमवर समूहनृत्य. म्हणजे मौन पाळतानाच ओढण्या खोचायच्या का? आणि ती मिसळ — 'सायक्लोन मिसळ', तिखटाला कॅटेगरी एक ते पाच! कोणाची आयडिया? नाही, सांग ना. शिसारी आली मला, खरंच, घास पुढे जाईना दुपारी. आणि सेल्फी पॉइंट — थर्माकोलचं उलटं पडलेलं घर, त्याच्या दारातून डोकं काढून फोटो. अगं, त्या रात्री माणसं अशाच उलट्या पडलेल्या घरांखाली होती. तुम्हाला कोणालाच काही वाटत नाही? मेल्या म्हशीला मणभर दूध — जिवंतपणी विचारायचं नाही आणि पन्नास वर्षांनी ढोल. हो, हो, तू मनापासून केलंयस, दिसतंय मला. मनापासून केलं की सगळं माफ असतं आपल्यात.

आणि पत्रिकेतला तो कॉलीनबद्दलचा परिच्छेद. तूच लिहिलास ना? तुझंच मराठी आहे ते, ओळखलं मी. 'ज्या वादळाने नऊ वर्षांच्या कोवळ्या वयात पाय अधू केला, त्याच वादळाला पुरून उरलेली ही रणरागिणी.' रणरागिणी! इंग्रजीत नुसतं सर्व्हायव्हर लिहिलंय, म्हणजे तिला पत्ताच नाही की मराठीत तू तिला काय केलंयस. तिला विचारलं होतंस? — नाही विचारलंस. ट्रॉमा होईल म्हणून नाही विचारलंस. बरोबर. श्रीनाथची शेजारीण, काठी घेऊन चालते, वादळात होती — दोन आणि दोन चार. विचारलं असतंस तर तिने हसत सांगितलं असतं. ती सगळ्यांना हसतच सांगते. वादळात तिला खरचटलंसुद्धा नव्हतं गं. बाथरूममध्ये होती, बाप अंगावर पालथा पडून होता, पहाटे उठून बघितलं तर बाथरूम तेवढं उरलं होतं, वर आकाश. पण तिला ओरखडा नाही. पाय ट्रेसीत नाही गेला तिचा.

कशात म्हणजे — ते नंतरचं. सहा वर्षांपूर्वी मार्कस नावाचं वादळ आलं होतं ना, त्यात. तुम्ही नव्हता तेव्हा. ट्रेसीसारखं नव्हतं ते, घरं नाही पडली, झाडं पडली, ही मोठमोठी महोगनी, मुळासकट. हं, तर त्यात — झाडाची फांदी. रस्त्यावरच्या महोगनीची फांदी श्रीनाथच्या मागच्या व्हरांड्यावर आली आणि ती खाली सापडली. गुडघ्याचा पार भुगा. कॉलीन काय म्हणते माहितीये? 'ट्रेसीला जमलं नाही, ते एका मेल्या फांदीने करून दाखवलं.' आणि खो खो हसते, आणि माझ्या दंडावर चापट मारते. भेटली की प्रत्येक वेळी. प्रत्येक वेळी मी पण हसतो. घरी येऊन दात घासतो मग. खरं सांगतो, दात घासतो, तोंडाला काहीतरी लागल्यासारखं वाटतं.

काय? — हो. रस्ता पुढेच आहे त्याच्या घराला.

हो, व्हरांडा मागे. तू गेलीयस ना तिथे, भोंडल्याला, तुला माहिती असणारच. मध्ये अख्खं घर आहे, बरोबर. फांदी घरावरून उडून — वाऱ्याला काय, वारा कुठूनही — नाही. नाही गं. एवढी जाड फांदी नाही उडत. आणि मागच्या अंगणात झाड नव्हतंच कधी, लिंबाचं रोप सोडून. कमाल आहे, सहा वर्षांत हे कोणीच नाही विचारलं मला. इन्शुरन्सच्या माणसाने नाही विचारलं. गावभर झाडं पडली होती, रिपोर्टमध्ये झाड लिहिलेलं, संपलं. रिपोर्ट कोणाचा? माझाच. पडझड बघायला मलाच बोलावलं होतं — म्हणजे श्रीनाथने बोलावलं, आपल्या माणसाला.

बस, बस, उठू नकोस. तू विचारलंस, आता ऐक. तो व्हरांडा पंधरा साली बांधला त्याने. वास्तुशांत होती, मला आग्रहाचं आमंत्रण, सत्तर-ऐंशी माणसं, पंगत बसलेली — आणि व्हरांड्याचं छत आतून झाकून झालेलं, पांढरं, गुळगुळीत. म्हणालो, अरे, झाकायच्या आधी बोलवायचं. म्हणाला, 'काका, मुहूर्त होता. रॉड आहेत ना, हे बघा फोटो.' असेच चकचकीत. शिडी गाडीत होती माझ्या. पाचशे वेळा चढलोय त्या शिडीवर, पण त्या दिवशी अंगात नवा झब्बा, समोर वाढलेलं ताट, आणि भटजी म्हणतायत यजमान बसा, बसा. चारचौघांत त्याच्या घरच्या शुभकार्यात छत कसं उकलायचं? आपल्याच माणसावर अविश्वास कसा दाखवायचा? — सही केली. 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं छापलेलं असतं त्या फॉर्मवर. त्याच्याखाली केली. ऑसी बिल्डर असता ना, भर पार्टीत फाडलं असतं मी ते छत, आणि वर नो वरीज म्हणून बिअर घेतली असती त्याच्याबरोबर. आपल्या माणसाला नाही फाडता आलं.

मार्कस आलं त्या सकाळी वारा सुटला तर श्रीनाथ, त्याची बायको आणि छोटी ओवी, तिघं व्हरांड्यात उभे — कशाला? व्हिडिओ काढायला. पुण्याला पाठवायला. कॉलीनने कुंपणापलीकडून बघितलं. तिला माहिती होतं ना वारा काय असतो. ती घरात राहिली असती तर काही झालं नसतं, तिचं घर टू कोड आहे, नियमाबरहुकूम, प्रत्येक नट जागेवर, तिच्या बापाने उभं केलेलं. पण ती आली धावत कुंपणाच्या फटीतून, ओरडत — बाथरूम! बाथरूममध्ये जा! हे आत गेले. पोरीला उचलून तिनेच आत ढकललं. आणि तुळई आली खाली. पत्र्यासकट, अख्खी. मी गेलो तेव्हा तिला हॉस्पिटलला नेलं होतं. तुळईच्या टोकाला बघितलं. रॉड नव्हता. भोक पण नव्हतं, ऋता — रॉड घालायला भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं. नुसते खिळे. त्या पांढऱ्या गुळगुळीत छताच्या आत खिळे.

श्रीनाथ शेजारीच उभा होता. ओवीला धरून. म्हणाला, 'काका, खरं लिहिलंत तर दोघंही जाऊ.' दोघंही! एवढंच. मी वही काढली आणि लिहिलं — झाडाची फांदी. माझ्याच अक्षरात, नीट. कॉलीन शुद्धीवर आली तेव्हा तिला तेच सांगितलं. मागून लागलं होतं, तिने कुठे बघितलं होतं. तिने मलाच विचारलं — ती पोरगी ठीक आहे ना?

छी! मिसळीची किळस करत बसलोय मघापासून.

तर आता कळलं, तो स्वतः का नाही आला? तुला का पाठवलं? त्याला माहिती आहे मी नाही म्हणू शकत नाही. एकदा केलीय म्हणून दुसऱ्यांदा करावी लागते — आणि परवा ती येणार, तुम्ही तिला शाल घालणार, त्या मंडपाखाली बसवणार, बाजूला श्रीनाथ, अध्यक्ष म्हणून, आणि तू माइकवर सांगणार की हिचा पाय वादळाने नेला. आणि मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणार. तिला मराठी कळत नाही, म्हणून ती माझ्याकडे बघून विचारेल, काय म्हणतायत? काय सांगू मी तिला? तूच सांग. रणरागिणीला इंग्रजीत काय म्हणतात?

लायसन्स जाईल, हो. जाऊ दे — नाही, 'जाऊ दे' असं सहज नाही म्हणता येत, रात्रंदिवस तेच आहे माझं. तेवढंच येतं मला. पण त्या फळ्या उघडल्याशिवाय सही नाही. आणि फळ्या तो उघडणार नाही, कारण आत काय आहे ते त्याला पक्कं माहिती आहे. मलाही माहिती आहे. आता तुलाही.

कोणाला लावतेस फोन? श्रीनाथला? नको. ठेव तो. तो तुला तासाभरात समजावेल — काका थकलेत, काकांना उन्हाचा त्रास होतो, आपलं मंडळ किती छोटं, पन्नास-साठ घरं, बाहेर कशाला न्यायचं. आणि तुला पटेल. मला पटलं होतं. थांब, माझा फोन कुठंय — हा. नंबर आहे माझ्याकडे. ती दुसऱ्या रिंगला उचलते, नेहमीच, एकटी असते ना. वाजतोय.

तू नको थांबूस. समोर आपलं माणूस बसलं की मला सबबी सुचतात, फार चांगल्या सुचतात. फॉर्म घे तुझा, कोराच घे. मंडपाला दोरी लावा आणि कोणाला आत सोडू नका, एवढं कर. — हॅलो? कॉलीन? पद्माकर हिअर. येस, मेट, गुड, गुड. नो — नॉट अबाउट संडे. लिसन, कॉलीन. इट्स अबाउट युअर लेग. — ऋता, जा म्हटलं ना.