लेखिकेच्या विनंतीवरून

हॅलो?… हो, वाचनालयच… अगं तू होय. बोल ना…

हो… हो… अगं ऐक ना, आधी श्वास तरी घे.

फोटो? कुणी पाठवला तुला फोटो?… बरं, नको सांगूस. हो, दाराला लावलीय तीच सूचना. "शनिवारचा पुस्तकवाचनाचा कार्यक्रम लेखिकेच्या विनंतीवरून रद्द करण्यात आला आहे"… हो, लेखिका म्हणजे तूच. दुसरी लेखिका कुठून आणू मी या गावात?

नाही केलीस तू विनंती. माहीत आहे मला… माहीत आहे म्हटलं ना…

अक्षर?

… हो. अक्षर माझंच आहे.

हॅलो? आहेस ना?… मला वाटलं ठेवलास. बोल, जे बोलायचं ते बोल, सख्ख्या बहिणीला नाही बोलणार तर कुणाला. फक्त जरा हळू, चिमणे. या फोनचा आवाज बाहेर येतो, आणि आमचे अध्यक्षसाहेब समोरच बसलेत… हो, तेच… हो, तेच गं, आणखी किती अध्यक्ष असणार वाचनालयाला…

नमस्कार सांगताहेत तुला… अगं, सांगताहेत तर घे ना… साहेब, तीही नमस्कार म्हणतेय… काय म्हणालात?… हं… हं… ते म्हणताहेत, तुझी भाषा फार गोड आहे. लहानपणी इथेच खिडकीपाशी मांडी घालून वाचत बसायचीस, ते त्यांना अजून आठवतं म्हणे…

छे छे, बंदी कुठे? बंदीचं नाव काढू नकोस, त्यांना वाईट वाटतं. लोकशाही आहे, ज्याला जे लिहायचं ते त्याने लिहावं… हे ते म्हणताहेत, मी नाही. पुस्तक आहे ना आपल्याकडे, रजिस्टरला नोंद आहे त्याची. फक्त सध्या बाइंडिंगला दिलंय… हो, परत… तिसऱ्यांदा… चार महिन्यांचंच आहे, कळतंय मला. पण पुठ्ठा सैल झाला की द्यावंच लागतं… बाइंडर कोण? असतो एक. नाव काय करायचंय तुला त्याचं…

काय साहेब?… घ्या ना, घ्या, बाहेर व्हरांड्यात नीट ऐकू येईल तुम्हाला…

… गेले. ऐक आता. त्यांचा मोबाइल वाजला म्हणून बाहेर गेलेत. काचेतून दिसताहेत, पाठमोरे. मला पाच मिनिटं दे, मग हव्या तेवढ्या शिव्या दे. कागद-पेन आहे जवळ?… मग आण. पळ.

… आणलंस? थांब, आधी सूचनेचं सांगते, नाहीतर तू काही लिहून घ्यायची नाहीस.

सोमवारी कमिटी बसली होती. एकही माणूस रद्द करा म्हणाला नाही. एक म्हणाला, पंखे दुरुस्तीला काढायचेत. दुसरा म्हणाला, खुर्च्या कमी पडतील. तिसऱ्याला आवाजाची काळजी, पलीकडे दवाखाना आहे ना. साहेब आपले गप्प. आणि शेवटी म्हणाले, लेखिकेलाच नको असेल तर? सगळ्यांना एकदम पटलं बघ. कोरा कागद माझ्याकडे सरकवला, म्हणाले, तुम्हीच लिहा, तुमच्यासारखं अक्षर कुणाचं नाही…

हो, म्हणू शकले असते नाही. तोंड होतं मला. नाही म्हटलं… लाज वाटते मला, चिमणे. रोज कुलूप काढताना ती सूचना मलाच आधी वाचावी लागते.

आई? आई मागे झोपलीय, जेवली, औषध दिलं. तिला काही सांगितलेलं नाही… या दोन खोल्या नोकरीबरोबर आहेत, तुला माहीत आहे. आईला उचलून जिना चढून कुठे नेऊ… पण तेवढंच नव्हतं. ऐक ना. मला वाटलं होतं, सूचना लिहून दिली की कार्डाचा विषय मागे पडेल.

कार्ड गं. पुस्तकाच्या मागच्या खिशातलं. कुणी नेलं, कधी नेलं… त्यांना ते हवंय. सहज म्हणाले. वाचकांशी जरा गप्पा मारायच्यात, शाळेच्या पडलेल्या छताबद्दल लोकांना काय वाटतं ते समजून घ्यायचंय. ज्यांनी ते छत घातलं तेच विचारताहेत, सहज. आज म्हणून स्वतः आलेत. "बाइंडिंगहून मागवून घ्या" म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

पुस्तक कुठलं बाइंडिंगला. माझ्या मांडीवर आहे, टेबलाखाली.

अकरा जणांनी नेलं… हो, अकरा, बाइंडिंगच्या मधल्या मधल्या दिवसांत. शाळेतल्या दोन बाई, दवाखान्यातली नर्स, त्या मुलीची मावशी… आणि सगळ्यात वर वॉचमनकाका.

हो. तेच. शाळेचे.

… कळलं ना आता?

तू पुस्तकात त्यांचं नाव घातलं नाहीस. शब्द दिला होतास, पाळलास. "एका माणसाने सांगितलं" एवढंच लिहिलंस. आणि मी इथे त्यांचं नाव छान वळणदार अक्षरात कार्डावर लिहून ठेवलं. अगं, पुस्तक परत आलं की नाव काळ्या शाईने पार बुजवायचा नियम आहे आमच्यात. कुणी काय वाचलं ते कुणाला कळू नये म्हणून. सव्वीस वर्षं मी नुसती बारीक रेघ मारते. का, तर चांगलं लिहिलेलं अक्षर घाण करायला जिवावर येतं. दुसरं काही कारण नाही. नुसती मिजास.

कार्डाचं मी बघितलंय, ते सोड. जुनं सकाळी गॅसवर धरलं, चहाच्या आधी. नवं केलंय… त्याच्यावर काय ते नंतर. आता मुद्द्याचं ऐक.

काकांनी पुस्तक नुसतं वाचलं नाही. दुरुस्त केलंय. पेन्सिलने… हो गं, कडेच्या कोऱ्या जागेत. त्यांना काय माहीत, वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं म्हणून. मी काल पान उलटलं तेव्हा दिसलं. जो तिथे होता त्यालाच माहीत असेल असं लिहिलंय सगळं. साहेबांनी एक पान जरी वाचलं तरी काकांचं नाव कार्डावर शोधायची गरज नाही.

म्हणून खोडतेय. सकाळी सवडच मिळाली नाही मला, पेपरवाला, आई, मग हे… हो, मीच खोडतेय. चार आहेत. पहिली दोन खोडून झालीत, पण ती मला पाठ आहेत. तू लिहून घे. मी वाचते, तू लिही, मी खोडते. चालू कर.

पान चौऱ्याहत्तर. तू लिहिलंस, भेगा आठवडाभर आधी दिसल्या होत्या. ते लिहितात: "आठवडा नाही. एकवीस दिवस. मी वहीत मांडत होतो."

… लिहिलंस?

पान नव्वद. तू लिहिलंस, वर्ग बंद करा असं तोंडी सांगण्यात आलं होतं. ते लिहितात: "तोंडी नाही. लेखी दिलं. दोनदा. एकदा साहेबांच्या हातात."

हो, अधोरेखित होतं. "हातात" खाली दोन रेघा होत्या.

थांब… नाही, फिरले नुसते. अजून बोलताहेत. हसताहेत कुणाशी तरी.

पान शंभर. "वारा नव्हता त्या दिवशी. झेंड्याची दोरीसुद्धा हलत नव्हती"… हो ना, चौकशीत वाऱ्याचंच लिहिलंय सगळं… लिही तू, बोलू नकोस.

आता शेवटचं. पान एकशे बारा. हे जरा… हे मी काल चारदा वाचलं. "घंटा मीच द्यायचो. मुलं त्या वर्गात कमी वेळ बसावीत म्हणून शाळा भरायची घंटा रोज उशिरा द्यायचो, सुटायची लवकर. त्या दिवशीही लवकर दिली. सगळी बाहेर आली. ती एकटी पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आत गेली"…

…

… लिहिलंस?… मलाही. मलाही येतंय रडू, पण आता नको. हे पान खोडायला हात धजत नाही माझा. पेन्सिल दाबून लिहिलंय, मागच्या पानावरसुद्धा उमटलंय. ती मुलगी माझ्याकडे यायची गं, चित्रांची पुस्तकं न्यायला. तिचं कार्ड अजून आहे खणात…

खोडलं. चुरा सगळा मांडीवर पडलाय.

नाही, तू येऊ नकोस. मुळीच येऊ नकोस. तू आलीस की ते तुलाही चहा पाजतील, तुझ्या भाषेचं कौतुक करतील आणि तुझ्याकडूनही काहीतरी लिहून घेतील. तुला कळणारसुद्धा नाही… मला नाही भीती वाटत? वाटते ना. कुणी ओरडलं असतं, धमकी दिली असती तर बरं झालं असतं, निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. हे सगळे इतकं हळू बोलतात…

मोबाइल खिशात टाकला. आले. तू ठेवू नकोस, आणि बोलूही नकोस.

… या साहेब. सापडलं, हे बघा. खालच्याच खणात होतं, माझंच चुकलं… नाही, बहीणच आहे अजून फोनवर. घरचं बोलणं चाललंय, आईचं… घ्या ना, पाहा.

पानं? हो, जरा चुरगळलीत. जास्त वाचलं की होतं तसं…

कार्ड मागच्या खिशात आहे. हं, तेच… अकरा नोंदी, बरोबर… वरचं नाव माझं, हो… दुसरंही माझंच… मोजा ना साहेब, सावकाश मोजा. अकराही माझीच.

कर्मचाऱ्याला नेता येतं, नियमात आहे… शाई वेगवेगळी? पेन काय, हाताला येईल ते घेते मी… आवडलं मला पुस्तक. पुन्हा पुन्हा न्यावंसं वाटलं… दुसऱ्या कुणी? दुसऱ्या कुणी नाही नेलं. बाइंडिंगलाच असतं ना ते सारखं.

अक्षर तर तुम्ही ओळखताच. अक्षर माझंच आहे.

…

… आत्ता लगेच?… नाही, कागद आहे इथे.

खोल्यांचं… आईला हलवायला थोडे दिवस… महिनाअखेर. बरं… बरं… नाही, राग कसला. तुम्ही म्हणताय ना, राग नाही तुमच्याही मनात. समजलं मला.

सांगा, काय लिहू?… "मी, वाचनालयाची ग्रंथपाल"… हं… "प्रकृतीच्या कारणास्तव"… हं… "कोणाच्याही दबावाशिवाय"… थोडं हळू सांगा साहेब, घाईत अक्षर बिघडतं… "माझ्या स्वतःच्या विनंतीवरून"…

लिहिलं.

सही?… करते. एक मिनिट, फोन चालूच आहे माझा.

हॅलो?… हो, ऐकलंस ना… रडू नकोस. आईला मी सांगेन माझ्या पद्धतीने… ते राहू दे. तू लिहून घेतलंस ना सगळं? चारही?… नक्की?

मग झालं. ठेवते हं.