माधवरावांचा गृहपाठ

वहिनी, मंडळी, आणि माधवरावांच्या वर्गातल्या मुलांनो,

इतके जण आलात की सतरंज्या पुरेनात. माधवराव असे अचानक गेले, याचं दुःख आहेच. आणि ही गर्दी पाहून जळफळाटही होतोय. शोकसभेत असं बोलू नये, कळतं मला. पण खोटं बोलवत नाही.

आमच्या झाशीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला फौजदारी कायद्याची तोंडओळख आम्ही दोघंच करून द्यायचो. अ तुकडी त्यांची, ब माझी. पुस्तक तेच, तास तोच. आणि माझी मुलं कुठे? त्यांच्या खिडकीपाशी! का हो, माझ्या वर्गात काय विंचू होते?

ते रोज एकच गृहपाठ द्यायचे. आज शिकलात ते घरी जाऊन घरच्या बोलीत सांगा. गरौठ्याकडच्या खेड्यांतली मुलं बुंदेलीत सांगायची. मी चिडवायचो, "माधवजी, कोर्टात बुंदेली चालते वाटतं?" ते म्हणायचे, "अहो, पोलीस दारात आले की घरची माणसं कुठल्या भाषेत घाबरतात?"

घ्या!

यंदा माझी इरा कॉलेजात आली. बापाची तुकडी सोडून तिनं अ तुकडी मागून घेतली. मला जेवण गेलं नाही. ही पोरगी घरीसुद्धा माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देणारी. आपल्या झाशीत घरोघरी हेच, तुम्हाला काय सांगायचं!

आणि एका संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, पोलिसांनी पकडला तो आरोपी असते, गुन्हेगार नाही. कोर्टात साबित झाला, मग गुन्हेगार. तोपर्यंत त्याला पण वकील मिळणार. समजलं?"

मोडकंतोडकं, पण मराठी! आणि सांगतेय कोणाला? मला! हेच शिकवत म्हातारा झालो मी!

आनंद झाला. पण आधी पोटात दुखलं. मी वर्षानुवर्षं मिनतवाऱ्या केल्या, आणि यांचं काम एका गृहपाठात झालं. दुसऱ्या दिवशी मानिक चौकात त्यांना गाठलं. म्हटलं, "माझी मुलगी पळवलीत तुम्ही."

ते हसले. "अहो, घरीच पाठवली ना तिला?"

माधवराव, तुमच्यावर जळतो मी. आजही. ती बघा इरा, आजही अ तुकडीच्या मुलांतच बसली आहे.

बस, बेटा. तिथंच बस.

चला, सगळे क्षणभर शांत उभे राहू या. मग घरी जा, आणि माधवराव कोण होते ते घरच्या बोलीत सांगा.

इरा, मी घरी वाट पाहतो.