गुलाबी मी देणार नाही

हॅलो?… हॅलो, येसुल? बोल गं… दुकानातच आहे. मुळ्याची किमची भरतेय डब्यांत, फोन खांद्याला धरलाय. जरा मोठ्यानं बोल.

हो, हो, लक्षात आहे. शनिवारी लग्नाच्या पोशाखाची, हानबोकची मापं. येते मी सोलला, सकाळच्या गाडीनं…

कुठला फोटो?… हो, पाहिला. न पाहून जाते कुठे! तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी प्रोफाइललाच लावलाय. डोक्याला पांढरी टोपी, चेहरा धुतलेला, गळ्याखाली पीच रंगाचं फडकं. आणि मागे आरशात माझी लेक दात काढून हसतेय… छे, चिडले कुठे? मी कशाला चिडू?

अगं ऐक ना. आपल्याला कुठला रंग शोभतो ते कळायला त्यांना घेऊन गेलीस, चांगलंच केलंस. मग, कुठला ऋतू निघाला त्यांच्या रंगाचा?… वसंत?… साठीची बाई आणि वसंत ऋतू! बरं बाई. वसंत तर वसंत. पीच खुलतो, गुलाबी खुलतो… खुलू दे की.

आणि निळा?… चेहरा काळवंडतो? अरेरे.

थांब हं एक मिनिट. काय देऊ, ताई? तिळाची पानं? आजच मुरवलीत, चाखून बघा… हं, बोल गं.

काय?… परत म्हण… मी निळा घालू आणि तुझ्या हानग्योलची आई गुलाबी?… येसुल, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मुलाची आई निळ्यात, मुलीची आई गुलाबीत. सगळ्यांच्या लग्नात असंच असतं… कोण बघत नाही? मावशीच्या सुमीच्या लग्नात तूच नव्हतीस का माझ्या कानात कुजबुजत, ‘ती निळी बाई सासू ना गं, नाक बघ किती वर’?

हं… हं… हे त्यांनी सुचवलं?… मग कुणी?… तू?… त्या नको म्हणत होत्या, तरी तू?

ऐकतेय, बोल. डब्याचं झाकण लावत होते.

हो! जळते मी! आता विचारलंसच ना, मग ऐक. त्यांना ‘अहो आई’ म्हणतेस, म्हण. चुसोकच्या सणाला आधी त्यांच्या घरी जाशील, तेही मी धरून चाललेय. पण ज्या लेकीनं मला कधी साधा रुमाल घेताना रंग विचारला नाही, ती दुसरीच्या हनुवटीखाली फडकी धरत उभी राहिली. हे बघून मला वाईट वाटू नये? दगड आहे का मी?

अगं, मला नेलं असतं तर आले नसते असं कुणी सांगितलं तुला?… दुकान काय, दुकान बंद ठेवता येतं!

तसं म्हणशील तर मी गेले होते. परवा… इथेच, बाजारामागे तसलंच एक नवीन निघालंय. तो फोटो बघून राहवेना. शेजारच्या माल्सुनला गल्ल्यावर बसवलं आणि गेले… हसू नकोस. मलाही टोपी घातली. तोंड धुवायला लावलं, दिव्याखाली बसवलं. एकेक फडकं लावते नि काढते, लावते नि काढते. मी म्हणे हिवाळा… हो, हिवाळा! गडद निळं लावलं तर ती पोरगी टाळ्याच वाजवायला लागली. आणि खरं सांगू? मलाही ती आरशातली बाई फार आवडली. गाल वर आलेले, डोळे काळेभोर.

गुलाबी?… गुलाबीत पिवळी पडले. कावीळ झाल्यासारखी.

हो ना, जुळतंय अगदी! त्यांना गुलाबी, मला निळा. मग कसला हट्ट म्हणतेस?… सांगते ना. मध्ये बोलू नकोस.

दोन्ही घरं पहिल्यांदा जेवायला भेटलो, तेव्हा मी तो मोहरीच्या रंगाचा कोट घातला होता. विहीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘तब्येत बरी नाही का तुमची?’ झालं. माझी तीच छाप पडली. रात्रभर ते वाक्य कानात होतं. तेव्हा मला आजारी दिसायची हौस नाही गं.

पण लग्नाच्या दिवशी आम्ही दोघी विहिणी हातात हात घालून मेणबत्त्या लावायला पुढे जाणार. लोक आमची नावं विचारणार आहेत का? रंग बघणार. मी निळ्यात असले की म्हणणार, मुलाची आई काय तरतरीत आहे! आणि गुलाबीतली ती वसंतातली बाई, ती तुझी आई… तुझे बाबा असते तर गोष्ट वेगळी होती. शेजारी बसले असते, मी कुणाची कोण ते कळलं असतं. आपल्या बाजूला मी एकटीच बसणार आहे, येसुल.

नाही. लिपस्टिक तू म्हणशील ती लावीन. केस म्हणशील तसे बांधीन. गुलाबी मी देणार नाही.

रडतेस का?… मग नाक कसलं ओढतेस?… पूस डोळे. विहीणबाईंना सांग, आई ऐकत नाही, हट्टी आहे. सांग खुशाल.

आणि फोटो कसेही येऊ देत. कुणी बोट दाखवून विचारलंच, की ही पिवळी पडलेली बाई कोण, तर शेजारच्यानं सांगायला हवं, ‘ती? ती नवरीची आई.’

ठेवते.