शेवटचा सिलिंडर

गॅसचं कार्ड बायकोच्या नावावर होतं. ती गेल्यावर ते माझ्या नावावर करून घ्यायला रांगेत उभा होतो. पुढे डबे करून देणाऱ्या एक बाई आणि त्यांच्यापुढे एक निवृत्त साहेब.

“ताई, कुरकुर कशाला? तिकडे समुद्रात गॅसची जहाजं अडकलीत. देशासाठी थोडी कळ काढायला हवी.”

“काढतेय की, काका. सकाळपासून शेगडी थंड आहे. बारा वाजता वीस माणसं डब्याची वाट बघतील.”

“इंडक्शन घ्या. सरकार कानीकपाळी ओरडतंय.”

“त्याला वीज लागते ना? ती कालपासून माहेरी गेलीय.”

“बघा! आपल्या लोकांना त्याग म्हणून नको.”

खिडकीतून कारकून ओरडला, “आज एकच सिलिंडर उरलाय!”

“काका, तेवढा मला घेऊ द्या. तुमच्या घरी चालू असेल ना?”

“चालू आहे. एक भरलेला पलंगाखाली आहे. हा सुनेच्या कार्डावरचा.”

“अगं बाई! तिसरा?”

“याला राखीव साठा म्हणतात. देशसुद्धा ठेवतो.”

“मग माझ्या वीस माणसांना काय सांगू?”

साहेबांनी कार्ड खिडकीत सरकवलं.

“सांगा, देश कठीण काळातून जातोय.”